दुसऱ्या बाजूच्या शेवटी

सातारा, २० जून १९९९

प्रिय बिरू,

पाकिटावरचं नाव वाचून तू गोंधळशील. मी पुष्कर. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला, गिटारवाला. तुझा पत्ता आमच्या पाटबंधारे खात्यातल्या एका मिस्त्रीकडून मिळाला. तो कवठे महांकाळचा. बोलता बोलता म्हणाला, माळवाडीच्या बिराप्पासारखा ढोल आमच्या भागात कुणी वाजवत नाही. मी म्हटलं, हे तू मला सांगतोस?

बातमी आनंदाची आहे. आपल्या रेकॉर्डला, ‘कोरडं पात्र’ला, येत्या आठ डिसेंबरला पंचवीस वर्षं पूर्ण होतात. आपण फक्त तीनशे प्रती काढल्या होत्या. त्यातल्या निम्म्या आपल्यातल्या मुकुलच्या वडिलांच्या हळदीच्या गोदामात पडून होत्या. पण पुण्यातल्या काही पोरांना त्यातली एक जुन्या बाजारात सापडली, आणि तिच्यावरून टेप करून करून ती आता कॉलेजाकॉलेजांत पोचली आहे. आम्ही तीन मुलांनी दाढ्या वाढवून, उसन्या अँप्लिफायरवर जे केलं, ते या पोरांना फार मोलाचं वाटतं. ‘सहावा मैल’ या आपल्या बँडच्या नावाचे शर्टसुद्धा छापलेत म्हणे.

आम्ही जुने मित्र दर पाच वर्षांनी आठ डिसेंबरला जमतोच. केक आणतो, रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतो. दुसरी बाजू संपताना सगळे गप्प होतात. मग मुकुल ग्लास उंच करतो. यंदा मात्र हे घरात भागणार नाही. सांगलीत नाट्यगृहात मोठा कार्यक्रम आहे, मुकुलने हॉल ठरवलाय, आणि रेकॉर्ड कॅसेटच्या रूपात नव्याने काढायचं चाललंय.

कार्यक्रम जमवणारी अपूर्वा नावाची पुण्याची मुलगी मला भेटायला साताऱ्याला आली होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “दुसऱ्या बाजूच्या शेवटी ढोल थांबल्यावर जी बाई गाते, ती कोण? कव्हरवर नुसतं ‘ढोल आणि ओवी: पारंपरिक’ असं लिहिलंय.” तिने एका मासिकात त्या दीड मिनिटावर लेख लिहिलाय. बाकीचे शब्द खरखरीत नीट लागत नाहीत, पण ‘मगळे, मगळे’ असं जे ऐकू येतं ते एखाद्या जुन्या देवीचं नाव असावं, असं तिचं म्हणणं आहे. खरं सांगायचं तर आम्हालाही त्याचा अर्थ कधी कळला नाही.

तेव्हा छपाईच्या गडबडीत तुझं आणि मावशींचं नाव राहून गेलं, हे तुला ठाऊक असेलच. आता ते घालता येईल. तू ढोल घेऊन ये, आमच्या बरोबरीने स्टेजवर बस. दगडाबाई मावशी कशा आहेत? त्यांनाही आण. मी गाडी पाठवतो.

पंचवीस वर्षांत आपली गाठ पडली नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
पुष्कर


माळवाडी, ११ जुलै १९९९

पुष्करकाकांना स्वप्नालीचा नमस्कार.

मी बिराप्पांची सून. घरात वाचता येणारी मी एकटीच आहे. बारावी झाले, आता गावातल्या अंगणवाडीत शिकवते. तुमचं पत्र मी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून दाखवलं. ते तेव्हा मेंढरं कातरत होते. कात्री न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “आईचं काय लिवलंय ते परत वाच.”

मी परत वाचलं. त्यांनी हातातलं मेंढरू सोडलं, हात झटकले आणि म्हणाले, “लिव्ह.” त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“आई चवऱ्याऐंशी साली दिवाळीच्या फुडं गेली. त्यास्नी ठावं हाय. गाठ पडली न्हाई म्हणत्यात ते खरं हाय. म्या फाटकापत्तूर गेलो हुतो. आत गेलो न्हाई.”

मी विचारलं, आणखी काय लिहू? ते म्हणाले, “बास.”

हे पुढचं मी माझ्या मनाने लिहीत आहे, त्यांना सांगितलेलं नाही. रेकॉर्डवर आमच्या आजींचा आवाज खरंच आहे का? घरात मामा कधी त्याबद्दल बोलत नाहीत, आणि गावात कुणी बोललं तर लोक हसतात. आमच्याकडे आजींचा एक फोटोसुद्धा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जाऊन तेरा वर्षं झाली होती. चूलभानवशीला नमस्कार करताना सासूबाई म्हणतात, आजींना पण कर. कुणाला करायचा ते माहीत नसताना करते.

स्वप्नाली


सातारा, १ ऑगस्ट १९९९

बिरू,

स्वप्नालीने लिहिलेलं खरं आहे. तू आला होतास. आठ डिसेंबर चौऱ्याऐंशी. मी तेव्हा सांगलीला विश्रामबागेत राहत होतो. रेकॉर्डला दहा वर्षं झाली म्हणून दुपारी माझ्याकडे सगळे जमलो होतो. घरात वीसेक माणसं, गडबड, गाणी. बाहेर कुणीतरी काही मदत मागायला आलंय एवढंच माझ्या कानावर आलं. माझ्या बायकोने, चारुशीलाने, परस्पर सांगून टाकलं की मी घरी नाही. मला नंतर कळलं तेव्हा फार

इथवर लिहून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि अंघोळीला गेलो. परत आलो तर चारुशीला माझ्या खुर्चीत बसून ते वाचत होती.

“परस्पर?” ती म्हणाली.

मी टॉवेल दोरीवर टाकायला वळलो.

“मी आत येऊन तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतं?”

“पंधरा वर्षं झाली, चारू.”

“मला आठवतं. मी सांगितलं, बिराप्पा आलाय. त्याची आई गेली महिन्यापूर्वी. रेकॉर्डवर तिचा आवाज आहे तो एकदा ऐकायचाय म्हणतो. आत नाही येत, पायरीवर बसून ऐकतो आणि जातो म्हणतो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, सांग, मी नाही.” तिने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि तेव्हा रेकॉर्ड चालूच होती. पहिली बाजू. तो फाटकाशी उभा होता आणि त्याला ती ऐकू येत होती.”

“तू त्याला काय सांगितलंस?”

“तुम्ही सांगायला लावलंत तेच. तो म्हणाला, ‘वैनी, ते आत बोलत्यात, मला ऐकाय येतंय. ऱ्हाऊ द्या.’ मी पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाला. माझ्यावर रागावला नाही, म्हणून मला जास्त लागलं. मी परत आत आले आणि सगळ्यांना केक वाढला.”

मग ती उठली आणि म्हणाली, “हे पत्र पाठवायचं असेल तर माझं नाव त्यातून काढा. नाहीतर खरं लिहा.”

म्हणून वरचं खोडलं नाही. मी किती सहज खोटं लिहितो ते तुला दिसू दे. आता खरं लिहितो.

त्या दुपारी एका साप्ताहिकाचा माणूस आला होता. तू यायच्या पाच मिनिटं आधी मी त्याला सांगत होतो की ढोल आणि गिटार एकत्र आणायची कल्पना माझी, तो ठेका मी बसवला, आणि शेवटची ओवीसुद्धा मीच शोधून काढली. तू आत आला असतास तर त्याने तुला विचारलं असतं. कॉलेजच्या सायकल स्टँडवर राखणीला असताना तू तो ठेका पहिल्यांदा वाजवलास, आणि आम्ही तिघं महिनाभर त्याच्यामागे फरफटत होतो, हे तू सांगितलं असतंस. तू खोटं बोलला नसतास. त्याचीच मला भीती वाटली.

छपाईच्या गडबडीत नावं राहिली नाहीत. कव्हरचा मजकूर मी लिहिला. तुझं नाव आधी लिहिलं होतं, मावशींचंही. मग दोन्ही खोडून ‘पारंपरिक’ लिहिलं. पारंपरिक म्हटलं की ते कुणाचंच नसतं, आणि मग जो वाजवतो त्याचंच होतं.

आणि मावशी गेल्या हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. तरी त्या कशा आहेत म्हणून मी तुला विचारलं.

स्वप्नाली, तू हे वाचशील. हो, आवाज तुमच्या आजींचाच आहे.

पुष्कर


माळवाडी, १९ सप्टेंबर १९९९

पुष्करकाकांना नमस्कार.

तुमचं पत्र मी मामांना वाचून दाखवलं. तुमच्या बायकोचं बोलणं आलं तेव्हा ते म्हणाले, “त्या बाईनं पानी इचारलं हुतं, खरं हाय.” मग दीड महिना त्यांनी पत्राचा विषय काढला नाही. काल मी अंगणवाडीतून आले तर मामा म्हणाले, कागद घे. बोलायला सुरुवात केल्यावर मध्ये थांबले नाहीत, म्हणून काही शब्द माझ्याकडून सुटले असतील.

“लिव्ह. भात्तरचा दुस्काळ त्यास्नी ठावं हाय. रेकॉट त्येच्यावरच काढलीया. पर त्यास्नी राही ठावं न्हाई. राही माजी धाकली भन. सा वर्सांची. निम्मी मेंढरं खपली तवा ऱ्हायलेली घिऊन बा आन म्या किस्नाकाठाला गेलो. आई राहीला घिऊन हितंच ऱ्हायली, दुस्काळी कामावर खडी फोडाया. तितं राहीला हगवण लागली. दोन दिसांत पोर गेली. आईनं तिला माळावर पुरली आन तिसऱ्या दिशी परत खडी फोडाया बसली. बाकीच्या बाया रडल्या, ही रडली न्हाई. सांगावा कोन आननार? म्या म्हैन्यानं घरी आलो तवा कळलं. म्हणली, राही गेली, भाकर खा. एवढंच.

“बा इचारायचा, म्या इचारायचो. बोलली न्हाई. दोन वर्सं न्हाई.

“मग तुमी मला रेकॉटीपायी मुंबैला न्यायचं काढलं. आई म्हणली, येकट्याला धाडत न्हाई, म्या बी येती. त्या खोलीत भितीला गाद्या ठोकल्या हुत्या. आई म्हणली, हे कशापायी? पुष्कर म्हणला, मावशी, हितला आवाज भायर जात न्हाई, किती बी वरडा. आईनं परत इचारलं, कुनालाच ऐकाय जात न्हाई? त्यो म्हणला, कुनालाच न्हाई.

“वाजवून झालं. तुमी समदी च्या प्यायला गेलासा. म्या ढोल सैल करत हुतो. आई जरा येळ गप बसली. मग भितीकडं त्वांड केलं आन तिनं राहीला हाक मारली. आईचं म्हायार अथणीकडचं, कानडी. मगळे म्हंजी लेकी. राहीला ती मगळेच म्हणायची. देवी न्हाई, काय न्हाई. तिला म्हणती, माती गार हाय, मगळे, तुला थंडी वाजत आसंल. तुजं घोंगडं म्या ठिवलंय. तुला पानी आनाया म्या लांब गेली हुती, तवर तू थांबली न्हाईस. आसं म्हणती. सुरात म्हणती कारन तिला दुसरं रडाय येत न्हवतं.

“मला वाटलं, बरं झालं, रडली. गाडीत येताना तिनं मला सोताहून भाकर मागितली. मागनं कळलं की ते मशीन चालू हुतं. आईला म्या कदी सांगितलं न्हाई. ती मराय टेकली तवर बी न्हाई.

“ती गेल्यावर मला वाटलं, कुटं तरी हाय तिचा आवाज, येकदा ऐकावा. म्हणून फाटकात आलो. नावासाठी न्हाई. नाव तुमी घाला न घाला.

“परोगरामाला म्या येनार न्हाई. दसरा झाला की आमी मेंढरं घिऊन पाटणकडं जातो. तुमी बी हिकडं येऊ नगा. तिचा आवाज तेवढा धाडा. लोकास्नी ऐकवायचा का न्हाई ते मला इचारू नगा. तवा इचारलं न्हाई. आता म्या काय सांगू?”

एवढं सांगून ते शेरडांकडे गेले. राही नावाची आत्या होती, हे आमच्या मालकांनासुद्धा ठाऊक नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

स्वप्नाली


सातारा, १५ ऑक्टोबर १९९९

बिरू,

सोबत एक कॅसेट आणि बॅटरीवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर पाठवतो आहे. कॅसेटवर दुसरं काही नाही. गिटार नाही, ढोलही नाही. अपूर्वाने पुण्याला एका जाणकाराकडून रेकॉर्डवरची खरखर जमेल तेवढी काढून घेतली. तिला मी सगळं सांगितलंय. फोनवर तिने मला ते दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, “मी त्यावर चार पानं लिहिली हो, काका.”

एक गोष्ट तुला माहीत नाही. चहाला सगळे गेले, मी गेलो नव्हतो. मी काचेपलीकडे त्या यंत्राजवळ उभा होतो. मावशींचे ओठ हलताना दिसले. यंत्र चालवणारा बटण बंद करायला निघाला, तर मी त्याचा हात धरला. त्याने मान हलवून विचारलं, मी बोटाने खूण केली, चालू दे. आत जाऊन मावशींना सांगायला दोन पावलं चालावी लागली असती. मला वाटलं, सांगितलं तर त्या थांबतील.

आवाज बाहेर जात नाही, असं त्यांना सांगणारा मीच होतो, आणि तो धरून ठेवायला लावणाराही मीच. दर पाच वर्षांनी आम्ही ग्लास हातात घेऊन ते ऐकत होतो.

तू म्हणालास तसा मी येत नाही.

पुष्कर


सातारा, १२ डिसेंबर १९९९

बिरू,

पार्सल पोचल्याची पावती आली, तुझा निरोप काही नाही. तो यावा असं मी म्हणत नाही. कार्यक्रमात काय झालं ते मात्र तुला माझ्याकडून कळलं पाहिजे.

दिवाळीनंतर मुकुल साताऱ्याला आला होता. मी त्याला सांगितलं की शेवटचं दीड मिनिट हॉलमध्ये लावायचं नाही, आणि नव्या कॅसेटवरही घ्यायचं नाही.

तो म्हणाला, “अरे, लोक त्या दीड मिनिटासाठीच येतायत. आपली बाकीची रेकॉर्ड काय आहे ते तुलाही माहितेय, मलाही.”

“माहितेय.”

“ती बाई आता नाही. तिच्या मुलाने नको म्हटलेलं नाही.”

“‘हो’ही म्हटलेलं नाही.”

“मग तू कोण ठरवणारा?”

चारुशीला आतून येऊन म्हणाली, “मुकुलभाऊजी, ते आधीच ठरवून बसलेत पंचवीस वर्षं. आता उलट ठरवतायत, एवढंच.” मुकुल चहा न घेता गेला.

आठ तारखेला सकाळी साडेदहाला कार्यक्रम होता. हॉल भरला होता. बहुतेक विशीतली पोरं, काही आमच्या वयाची, मागे मुकुलच्या पेढीवरची माणसं. पहिली बाजू झाली, टाळ्या झाल्या. दुसरी बाजू लावली. सगळ्यात शेवटी तुझा ढोल सुरू झाला. बिरू, एवढ्या मोठ्या स्पीकरवर तो मी कधी ऐकला नव्हता. पोरं पायाने ठेका धरत होती. मी स्टेजवर रेकॉर्डशेजारीच बसलो होतो. तुझी शेवटची थाप पडली, तिचा नाद विरायला लागला, आणि मी हात पुढे करून सुई उचलली.

कुणीतरी ओरडलं, “सुई गेली!” थोडे हसले. मुकुल पहिल्या रांगेत होता, तो हसला नाही.

मी माईक घेतला. मी काही वक्ता नाही. ढोल बिराप्पाचा आहे असं सांगितलं. ठेका त्याचा, माझा नाही, हेही सांगितलं. शेवटचा आवाज त्याच्या आईचा, दगडाबाईंचा, आणि तो गाणं म्हणून म्हटलेला नाही. दुष्काळात मुलगी गेलेल्या एका आईला मी सांगितलं होतं की इथलं कुणाला ऐकू जात नाही, आणि तिने विश्वास ठेवला. राहीचं नाव मी घेतलं नाही. ते घ्यायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. मग चौऱ्याऐंशीची दुपार सांगितली. फाटक, चारुशीला, केक.

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकेक करून उठले. एक मुलगा स्टेजजवळ येऊन मला रागाने म्हणाला, “तुम्ही आमचं गाणं मोडलंत.” मी म्हटलं, हो. मुकुल शेवटपर्यंत बसून होता. मग उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “पाच वर्षांनी आता मला बोलावू नकोस.” तो वाईट माणूस नाही, बिरू. त्याच्या आयुष्यात ती एकच गोष्ट दुकानाबाहेरची होती.

अर्धवट रेकॉर्ड मी काढणार नाही, असं त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं. त्यामुळे नवी कॅसेट आता निघत नाही. म्हणजे तुझं नाव छापून यायचं होतं तेही येत नाही. तुला ते नकोच होतं हे माहीत आहे, पण मला द्यायचं होतं, आणि पुन्हा एकदा दिलं गेलं नाही.

अपूर्वाने मासिकात दुरुस्ती दिली आहे: मगळे ही देवी नाही, तो मुलीला हाक मारायचा शब्द आहे, एवढंच. पण पोरांकडे ज्या टेप आहेत, त्या आहेत. कुठे कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. कुठल्या तरी खोलीत आत्ता या क्षणी कुणीतरी ते ऐकत असेल. ते मला परत आणता येत नाही. ते केलेलं मागे घेता येत असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

पुष्कर


पाटण, २९ डिसेंबर १९९९

पुष्करकाकांना नमस्कार.

पार्सल आलं तेव्हा मामा मेंढरं घेऊन निघून गेले होते. त्यांच्या हातातच द्यायचं म्हणून मी ते उघडलं नाही. अंगणवाडीला सुट्टी लागल्यावर परवा एसटीने इथे आले. तुमचं बारा तारखेचं पत्रही बरोबर आणलं. पाटणच्या अलीकडे एका शेतकऱ्याने भात काढलेल्या वावरात खतासाठी मेंढरं बसवून घेतली आहेत, तिथे आमचा तळ आहे.

आधी मी पत्र वाचून दाखवलं. मुकुल नावाच्या माणसाचं आलं तिथे मामांनी “हं” केलं. राहीचं नाव तुम्ही घेतलं नाही, ते मी दोनदा वाचलं, कारण त्यांना नीट ऐकू आलं नाही. तुम्हाला काय लिहू म्हणून मी विचारलं. त्यांनी काही सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. जे झालं ते मी माझ्या मनाने कळवत आहे, कारण तुम्ही सुई उचलली.

दुपारची भाकरी झाल्यावर मामांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, “लाव.” आमचे मालक आणि सुलाबाई आत्या, म्हणजे मामांच्या चुलत बहीण, जवळ होत्या. त्या उठून जायला लागल्या तर मामांनी त्यांना हाताने बसवलं. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग आवाज आला. मला वाटलं होतं, आजी म्हणजे म्हातारा, कापरा आवाज असेल. तसा नव्हता. सुलाबाई आत्यांनी तोंडाला पदर लावला. आमचे मालक जमिनीकडे बघत बसले. मामा मात्र टेपकडे बघत होते, जसं समोर कुणी बसून बोलत असावं आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघावं तसं. संपल्यावर म्हणाले, “परत.” मी परत लावलं. असं तीनदा ऐकलं.

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “किती तरणी हाय गं ही.”

मी म्हटलं, “व्हय.”

“तवा ती चाळिशीची बी न्हवती. मला म्हातारी वाटायची.” त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. “म्या आता सत्तेचाळीसचा. म्हंजी ही माज्यापरीस ल्हान हाय.”

त्यांनी मला बटण कुठलं ते विचारलं आणि चौथ्यांदा स्वतः दाबलं. आजी मगळे, मगळे म्हणायला लागल्या. माती गार आहे तिथवर आल्यावर मामांनी टेपवर हात ठेवला, थोपटल्यासारखा, आणि घरातल्या एखाद्या लहान लेकीसुनेशी बोलावं तसे बोलले.

“उगी,” ते म्हणाले. “उगी, बाय, उगी.”

स्वप्नाली